कुलूप लागलेलं होतं, पण मला ते माहीत नव्हतं

"कुलूप लावलंस ना गं?" बाबांनी गाडीत विचारलं तेव्हा आम्हाला घरातून निघून अर्धा तास होऊन गेला होता. मी म्हटलं हो. ते म्हणाले नक्की? मी म्हटलं बाबा नक्की, मला चांगलं आठवतंय, आणि खरंच आठवत होतं, डाव्या खांद्यावरची निळी पिशवी सारखी घसरतेय, कडी बसेना म्हणून दार गुडघ्याने आत दाबलं, मग कडी सरकली, कुलूप अडकवलं आणि खट्ट आवाज आला. दोन दिवसांनी परत आलो तर कुलूप जागच्या जागी. विषय संपला.

पुढच्या आठवड्यात ताई बोलता बोलता म्हणाली, "अगं त्या दिवशी दार नुसतं लोटून गेलात तुम्ही. तुम्ही निघालात आणि दहा मिनिटांत मी माझी फाइल न्यायला आले तर कुलूप उघडंच लटकत होतं, मग मीच लावलं." मी जोरात वाद घातला. शक्यच नाही म्हटलं, गुडघा सांगितला, पिशवी सांगितली, आवाज सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की निळी पिशवी नेली होतीस का तू बरोबर? नव्हती नेली. त्या दिवशी माझ्या हातात सुटकेस होती. निळी पिशवी आदल्या दिवशीची. म्हणजे माझ्या डोक्यात जे कुलूप खट्टकन लागलं ते आदल्या दिवशीचं, आणि दाराला जे लागलेलं होतं ते ताईच्या हाताने.

आता बघा, गाडीत मी बाबांना जे सांगितलं ते खरं होतं. त्या क्षणी दाराला कुलूप होतंच. मी थाप मारत नव्हते, माझा त्यावर पूर्ण विश्वास होता आणि त्या विश्वासाला कारणही होतं, इतकी स्पष्ट आठवण कुणालाही पुरेशी वाटली असती. तरीपण "मला माहीत होतं" असं आज मला म्हणवत नाही. माझं म्हणणं खरं ठरलं ते ताईमुळे, माझ्या आठवणीमुळे नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हाच विषय आहे की ज्ञान म्हणजे नेमकं काय, ते खरोखर असतं का, की ज्याला आपण ज्ञान म्हणतो ती फक्त आपली खात्री असते आणि खरं-खोटं हा नंतरचा नशिबाचा भाग.

पहिल्यांदा मला आपली भाषाच आठवली, कारण यातलं बरंचसं ती आधीच बोलून बसलेली आहे. "मला माहीत होतं तो येणार, पण तो आला नाही" असं वाक्य कानाला लगेच खटकतं. तिथे आपण "मला वाटलं होतं" म्हणतो. माहीत असणं, ठाऊक असणं, कळणं, उमगणं ही सगळी क्रियापदं गोष्ट खरी असल्याशिवाय चालतच नाहीत. आणि गंमत म्हणजे "समजलं" म्हटलं की गोष्ट खरी असते, पण त्याच शब्दाचं नाम केलं की ते पलीकडच्या बाजूला जातं, "माझा असा समज होता" म्हटलं की ऐकणाऱ्याला न सांगता कळतं की तो चुकीचा निघाला. अजून एक गोष्ट, विश्वास मी ठेवते, मत मी बनवते, अंदाज मी बांधते, पण कळतं ते "मला". तिथे मी कर्ता नाहीच. काहीतरी बाहेर आहे आणि ते माझ्यापर्यंत पोचलं, असाच त्या वाक्याचा घाट आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण हल्ली सर्रास बोललं जातं की तुझं सत्य वेगळं, माझं सत्य वेगळं. अनुभव वेगळे असतात हे शंभर टक्के मान्य, दुःख वेगळं असतं, बाजू वेगळ्या असतात. पण दाराला कुलूप होतं की नव्हतं याला माझी बाजू आणि ताईची बाजू अशा दोन बाजू नाहीत. दोघींपैकी एक चुकत होती आणि ती मी होते. वेगळं असतं ते मत, त्याला सत्य म्हणायला लागलो की मग चूक होणं हा प्रकारच शिल्लक राहत नाही, आणि ज्याला चुकताच येत नाही त्याला काही कळण्याचाही प्रश्न उरत नाही.

मग मी वाचायला लागले तर लक्षात आलं की माझ्या कुलपाची केस फार जुनी आहे. प्लेटोच्या एका संवादात ज्ञानाची व्याख्या अशी येते की खरं मत, आणि ते का खरं आहे हे सांगता येणं. तिथला सॉक्रेटिस ती व्याख्या टिकू देत नाही तो भाग वेगळा, पण पुढे बरेच लोक साधारण तेच धरून चालले की गोष्ट खरी पाहिजे, तुमचा विश्वास पाहिजे आणि विश्वासाला आधार पाहिजे, तीन गोष्टी जमल्या की झालं ज्ञान. १९६३ साली एडमंड गेटिए नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने अवघ्या तीन पानांचा एक लेख लिहिला आणि त्यात दोन उदाहरणं देऊन दाखवलं की तिन्ही गोष्टी असूनही ज्ञान नसू शकतं. माझं कुलूप अगदी तसंच आहे, खरं होतं, विश्वास होता, आधार होता. साठ वर्षं झाली तरी चौथी अट कोणती लावायची यावर एकमत नाही.

पण मला जास्त भारावून टाकलं ते आठव्या शतकातल्या धर्मोत्तराने. बौद्ध तर्कपंडित, काश्मीरमध्ये होऊन गेला. त्याचं उदाहरण असं आहे की एक तहानलेला वाटसरू लांबवर पाणी बघतो, तो चालत जातो, प्रत्यक्षात ते मृगजळ असतं, पण तिथे पोचल्यावर दगडाखाली खरंच पाणी सापडतं. पाणी होतं, पाणी आहे असं त्याला वाटलं होतं, त्याची तहानही भागली, मग त्याला ज्ञान झालं होतं का? गेटिएच्या जवळजवळ बाराशे वर्षं आधी कुणीतरी नेमका तोच काटा काढून हातावर ठेवला होता. आणि धर्मोत्तराचं उत्तर मला पटतं: ते ज्ञान नव्हे. त्याने जे बघितलं ते पाणी नव्हतं, आणि जे पाणी होतं ते त्याने बघितलेलं नव्हतं.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल की ठीक आहे, ही सगळी मुद्दाम रचलेली उदाहरणं, खऱ्या आयुष्यात असं कितीदा होतं. म्हणून मला तीन ग्रहांची गोष्ट सांगायचीय, जी मी गेले काही महिने जमेल तशी वाचतेय आणि जी डोक्यातून जात नाही.

१७८१ मध्ये विल्यम हर्शेलला युरेनस सापडला. पुढच्या काही दशकांत लक्षात आलं की हा ग्रह गणिताप्रमाणे चालत नाहीये, कधी पुढे कधी मागे. फ्रान्सच्या लव्हेरिए या खगोलशास्त्रज्ञाने विचार केला की याच्या पलीकडे अजून एक ग्रह असणार आणि तो याला ओढतोय, तर तो कुठे असेल ते उलट गणित करून काढलं. इंग्लंडमध्ये जॉन काउच ॲडम्सही स्वतंत्रपणे तेच गणित करत होता. लव्हेरिएचं पत्र २३ सप्टेंबर १८४६ ला बर्लिनच्या वेधशाळेत योहान गालच्या हातात पडलं आणि त्याच रात्री गालने एका विद्यार्थ्याला सोबत घेऊन दुर्बीण लावली, तो एकेक तारा सांगतोय आणि विद्यार्थी नकाशात तपासतोय असं करता करता एक ठिपका आला जो नकाशात नव्हताच. सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्याही आत. दुसऱ्या रात्री परत बघितलं तर तो सरकलेला होता. तारा असा सरकत नाही. नेपच्यून सापडला.

या दुसऱ्या रात्रीपाशी मी दरवेळी थांबते. पहिल्या रात्री ठिपका मिळालेला होता, जागा जुळलेली होती, तरी त्यांनी परत बघितलं. गॅलिलिओने हाच नेपच्यून १६१२च्या डिसेंबरमध्ये आणि मग १६१३च्या जानेवारीत बघितलेला होता, गुरूची निरीक्षणं चालू असताना, चित्रात त्याची नोंद आहे, ताऱ्यासारखी. जानेवारीत तर तो थोडा हलल्यासारखा वाटतोय हेही त्याच्या लक्षात आलेलं. पण पुढे काही झालं नाही. म्हणजे नेपच्यून दिसला होता पण नेपच्यून कळला नव्हता. डोळ्यासमोर सत्य आहे, डोळे उघडे आहेत, नजर जगातल्या सगळ्यात चांगल्या निरीक्षकांपैकी एकाची आहे, तरी ज्ञान झालेलं नाही. सत्य असणं आणि ज्ञान होणं यात केवढं अंतर असतं ते इतकं ठळक मला अजून कुठे दिसलेलं नाही.

आता दुसरा ग्रह. बुधाची कक्षाही थोडी चुकत होती, तिचं सूर्याजवळचं टोक हिशोबापेक्षा जास्त पुढे सरकत होतं, फार नाही, शंभर वर्षांत ४३ विकला, म्हणजे एका अंशाच्या शंभराव्या भागापेक्षा थोडं जास्त. १८५९ मध्ये तोच लव्हेरिए, तीच पद्धत, तोच विचार, की सूर्य आणि बुध यांच्यामध्ये काहीतरी असणार. आणि लगेच एका खेड्यातल्या डॉक्टरचं पत्र आलं, लेस्कार्बो त्याचं नाव, की मी २६ मार्चला सूर्यावरून एक काळा ठिपका जाताना बघितलाय. लव्हेरिए स्वतः त्याच्याकडे गेला, उलटतपासणी घेतली, त्याची खात्री पटली. ग्रहाला नावही मिळालं, वल्कन. १८७८च्या खग्रास ग्रहणात दोन अनुभवी निरीक्षकांनी तो बघितल्याचं सांगितलं. लव्हेरिए १८७७ मध्ये वारला, शेवटपर्यंत वल्कन आहे हेच मानून. आणि वल्कन नव्हताच. १९१५च्या नोव्हेंबरमध्ये आइन्स्टाइनने नव्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तातून ते ४३ विकला बरोबर काढून दाखवले, मध्ये कुठलाही ग्रह न घालता.

लव्हेरिएच्या जागी स्वतःला ठेवून बघा. नेपच्यूनच्या वेळी आणि वल्कनच्या वेळी त्याला आतून जे वाटत असेल त्यात काय फरक असणार? मला तर वाटतं काहीच नाही, उलट वल्कनच्या वेळी खात्री जास्त असेल, कारण पद्धत एकदा सिद्ध झालेली होती. एक ज्ञानाकडे घेऊन गेलं, दुसरं चुकीकडे, आणि फरक लव्हेरिएच्या डोक्यात नव्हता, आकाशात होता. म्हणूनच मला ते "खात्री म्हणजे ज्ञान" अजिबात पटत नाही. आणि हेही पटत नाही की "विज्ञान बदलत राहतं, काल एक सांगतात आज दुसरं, म्हणजे ज्ञान असं काही नसतंच." वल्कन हे ज्ञान होतं आणि नंतर बदललं असं झालेलं नाही. ते ज्ञान कधीच नव्हतं, तो समज होता, चांगल्या अभ्यासातून आलेला प्रामाणिक समज, आणि तो पडला कारण तिकडे प्रत्यक्षात तसं नव्हतं. सत्य आपल्या मानण्यावर असतं तर वल्कन आजही फिरत असता, मानणारे कमी नव्हते.

तिसरा प्लूटो, आणि हा तर सरळ धर्मोत्तराचा वाटसरू आहे. युरेनसच्या चालीत अजूनही थोडी गडबड उरलेली दिसत होती म्हणून पर्सिव्हल लोवेल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने नवव्या ग्रहाचं गणित मांडलं, पृथ्वीच्या सहा-सात पट वस्तुमानाचा. तो १९१६ मध्ये गेला. त्याच्याच वेधशाळेत १९३० च्या फेब्रुवारीत क्लाइड टॉम्बॉला फोटोंच्या काचा ताडून बघता बघता प्लूटो सापडला, लोवेलने सांगितलेल्या जागेपासून साधारण सहा अंशांवर. लोवेल बरोबर होता असंच सगळ्यांना वाटलं. पण प्लूटो पुढे मोजला गेला तसा लहान लहान होत गेला, शेवटी पृथ्वीच्या पाचशेव्या भागाइतका, एवढासा गोळा युरेनसला ओढणं शक्यच नव्हतं. १९८९ मध्ये व्हॉयेजर २ हे यान नेपच्यूनजवळून गेलं, नेपच्यूनचं वस्तुमान नीट कळलं, ते किंचित चुकीचं धरलेलं होतं, आणि १९९३ मध्ये तो आकडा घालून परत हिशोब केला तर युरेनसची ती उरलेली गडबडच गायब. म्हणजे ज्या ओढीवरून लोवेलने ग्रह सांगितला ती ओढ अस्तित्वातच नव्हती. मृगजळ होतं, आणि तिथे गेल्यावर दगडाखाली प्लूटो सापडला.

आणि नेपच्यूनसुद्धा पूर्ण स्वच्छ नाही हे मला वाचताना कळलं. लव्हेरिएने त्याचं अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या ३६ पट धरलेलं, निघालं ३०. फेरीला २१७ वर्षं सांगितलेली, लागतात १६५. बेंजामिन पीअर्स या अमेरिकन गणितज्ञाने १८४७ मध्ये स्पष्ट म्हटलं की सापडलेला ग्रह तो सांगितलेला ग्रह नव्हेच, हा सुखद योगायोग आहे. यावर मी बरेच दिवस अडकून होते. आता मला असं वाटतं की पीअर्स इथे जरा जास्तच कडक झाला, कारण युरेनस आणि नेपच्यून १८२० च्या आसपास एकमेकांना जवळून गेले होते, ओढ तेव्हाच सगळ्यात जास्त होती, त्यामुळे अंतर चुकलं तरी त्या काळापुरती दिशा त्या ओढीतूनच निघत होती. दिशा लव्हेरिएला कळली होती, अंतर नव्हतं कळलं. एकाच वाक्यातला अर्धा भाग ज्ञान आणि अर्धा समज असू शकतो. माझ्या कुलपात तसं नव्हतं, माझ्या आठवणीला त्या दिवशीच्या दाराचा स्पर्शही झालेला नव्हता, आणि लोवेलचंही तेच. मला यातूनच सत्य आणि ज्ञान यांचं नातं थोडंफार दिसतं, की नुसतं जुळून चालत नाही, जे खरं आहे त्याच्यापासूनच निघून ते माझ्यापर्यंत यायला पाहिजे. युरेनसच्या चालीत नेपच्यूनची खरी ओढ होती, तिथून ती कागदावर आली.

यावर नेहमीचा आक्षेप असा असतो की पण तुला कसं कळणार ते तिथूनच आलंय का, आतून तर दोन्ही सारखं. बरोबर आहे, मलाही रात्री झोप न येण्याइतका हा प्रश्न छळतो. नागार्जुन या बौद्ध तत्त्वज्ञाने हाच प्रश्न फार धारदारपणे विचारलाय की तुम्ही म्हणता सगळं प्रमाणाने, म्हणजे ज्ञान मिळवायच्या भरवशाच्या साधनाने, सिद्ध होतं, मग प्रमाण कशाने सिद्ध होतं, त्याला दुसरं प्रमाण लागणार, त्याला तिसरं, याला अंत नाही. नैयायिकांकडे, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्या पंडितांकडे, यावर तराजूचं उदाहरण आहे. तराजूने आपण सोनं मोजतो, पण तराजूवरच शंका आली तर वजन माहीत असलेलं सोनं घालून तराजूही तपासता येतो. आज जे मोजतंय तेच उद्या मोजलं जाऊ शकतं. जगातले सगळे तराजू एकाच वेळी तपासता येणार नाहीत, पण जो कुठला शंकास्पद वाटेल तो तपासता येतो. काहींना हे उत्तर पळवाट वाटतं, मला वाटत नाही, कारण व्हॉयेजरने नेमकं हेच केलं, ज्या वस्तुमानाच्या आकड्याने इतकी वर्षं युरेनस मोजत होते तो आकडाच मोजला.

त्याच नैयायिकांचं अजून एक म्हणणं मला मनापासून पटतं, की ज्ञान होणं एक आणि ते ज्ञान खरं आहे हे कळणं दुसरं, दोन वेगळ्या घटना. मीमांसकांचं, म्हणजे मीमांसा हे दर्शन मानणाऱ्यांचं, मत उलटं, की ज्ञान मुळातच स्वतःचं खरेपण घेऊन येतं, ते खोटं ठरवायलाच बाहेरचं कारण लागतं. रोजच्या जगण्यात आपण मीमांसकांसारखेच वागतो, दर गोष्टीला पुरावा मागत बसलो तर पाऊल उचलणार नाही. पण नैयायिकांचं धरलं तर शंभर टक्के खात्रीची अटच सुटते. मला माहीत आहे हे सिद्ध करता आलं नाही तरी मला माहीत असू शकतं. लहान मुलाला आपली आई कोण ते माहीत असतं, ते काय सिद्ध करणार आहे.

आणि आपण जे जाणतो त्यातलं स्वतः तपासलेलं असतं तरी किती. माझी जन्मतारीख घ्या. मी तिथे हजर होते आणि तरी मला ती फक्त दुसऱ्यांकडून कळलेली आहे, आईने सांगितली, कागदावर लिहिलेली आहे, कागदही कुणीतरी सांगितल्यावरच लिहिलाय. ज्या एका घटनेला मी नक्की होते तिची तारीख माझ्यासाठी पूर्णपणे ऐकीव. तरी ती मला माहीत आहे असं मी बेधडक म्हणते आणि मला वाटतं बरोबरच म्हणते, कारण आई तिथे होती, जागी होती, आणि तिच्याकडून ते माझ्याकडे आलं. फॉरवर्ड होऊन आलेली गोष्ट आणि ही गोष्ट दोन्ही ऐकीवच, पण एकीच्या टोकाला कुणीतरी बघणारं माणूस आहे आणि दुसरीचं टोक धरून मागे मागे जावं तर कुणीच सापडत नाही. न्यायशास्त्रात शब्द, म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं, हे वेगळं प्रमाण धरलंय, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून ओळखणं) आणि शब्द अशी चार, पण बोलणारा आप्त पाहिजे, म्हणजे ज्याला ती गोष्ट खरी कळलीय आणि जो ती तशीच सांगतो असा. वैशेषिक या दुसऱ्या दर्शनाने शब्दाला वेगळं धरलं नाही, चार्वाकांनी तर फक्त प्रत्यक्षच मानलं. चार्वाकांचा हट्ट मला समजतो, पण मग माझा जन्मदिवस मलाच माहीत नाही असं होतं, आणि ते मी मान्य करायला तयार नाही.

कुलपाचंही शेवटी तसंच झालं. त्या दिवशी दार उघडं होतं हे मला आज माहीत आहे, आणि मला ते माझ्या डोळ्यांनी कळलेलं नाही, ताईच्या डोळ्यांनी कळलंय. तिने लटकतं कुलूप बघितलं, हातात घेतलं, लावलं, आणि मला सांगितलं. तिचं म्हणणं माझ्या आठवणीच्या विरुद्ध होतं तरी मी ते घेतलं, पिशवीमुळे घेतलं.

पण आठवण काही गेलेली नाही. आत्ता हे लिहिताना डोळे मिटले तरी बाबा बाहेर गाडीत बसलेले आहेत, डाव्या खांद्यावरून पिशवी घसरतेय, गुडघ्याला दार लागतंय, कडी सरकतेय. आणि खट्ट.